साळवेकाकांची मोटार

साळवेकाकांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला, त्याआधी त्यांच्या पायांशी माझी चांगली ओळख झाली होती. सावेडीत त्यांच्या बंगलीच्या मागची खोली बघायला गेलो, तेव्हा पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक काळी विलायती मोटार उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. खोलीचं सगळं बोलणं मी त्या पायांशीच केलं. पाय म्हणाले, "घ्या खोली. फक्त शेडजवळ ओले कपडे वाळत घालायचे नाहीत."

काका बांधकाम खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. जिल्ह्यातले रस्ते कसे तयार होतात हे जन्मभर फायलीत पाहिल्यामुळे ते आपली मोटार रस्त्यावर काढत नसत. रविवारी सकाळी इंजिन सुरू करायचे, गाडी फाटकापर्यंत न्यायचे, फाटक नीट पाहून घ्यायचे आणि मागे आणायचे. मग कोट घालून चर्चला पायी जायचे. बायको वारली होती. मुलीचं कुणी विचारलं तर "बाहेरगावी असते" म्हणायचे, आणि ते अशा सुरात की पुढचा प्रश्न विचारणाऱ्याच्या घशातच राहायचा.

त्यांचा शत्रू एकच, गंज. "वरून हसतो, आतून खातो," असं ते गंजाबद्दल म्हणत. मात्र हेच मत ते नगरपालिकेपासून आमच्या बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना लावत आणि बहुतेक वेळा बरोबर ठरत. डॉक्टर पाठ ठोकतात तसे ते गाडीची दारं बोटांनी ठोकून कान देऊन ऐकायचे. जरा संशय आला की पॉलिश पेपरने घासायचं, वर तांबडा रेड ऑक्साइड, त्यावर काळा रंग. पोटाखाली वापरलेलं काळं ऑइल चोपडायचं. आणि हाक यायची, "मुळे, जरा बॅटरी धरा."

म्हणजे मी दिवसा बँकेत नोकरीला आणि संध्याकाळी बॅटरीला. मला एकही डाग कधी दिसला नाही.

"दिसत नाही ना?" काका म्हणायचे. "मग नक्की आहे."

त्यात बहात्तरचा दुष्काळ आला. नळ कोरडे, आभाळ कोरडं. त्या हवेत लोखंडाला गंज चढवायचा तर गंजालाच टँकर मागवावा लागला असता. काका मात्र शेडच्या दारात उभे राहून हवा हुंगायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "दमट वाटतंय."

त्यांच्या अंगणातल्या आडाला अजून पाणी होतं. सगळी गल्ली तिथे भरायची. काकांची अट एवढीच, की भरलेले हंडे शेडच्या पलीकडून, भिंतीला धरून न्यायचे. शेजारच्या वहिनी एकदा म्हणाल्या, "काका, गाडी सोवळ्यात आहे का?"

"तसं समजा," काका म्हणाले.

एकदा बँकेला सुट्टी होती. सकाळीच काकांची हाक आली. पाहतो तो काका कंबर धरून वाकलेले, पाठीत उसण भरलेली. गाडीची मागची सीट काढलेली, आणि बाहेर तेलाचे डबे ओळीने मांडलेले, पाण्याने भरून तोंडाला फडकी बांधलेले.

"हे गाडीत ठेवा," काका म्हणाले.

उसण डोक्यात गेली असावी असं मला वाटलं. "पाणी? गाडीत?"

"पाणीच. आणि बसा. उतरवायला माणूस लागेल."

डबे ठेवताना मी आत वाकलो. मागचा तळाचा पत्रा तांबडा पडला होता. हात लावला तर पापुद्रा निघाला. मी बँकेत असताना अशा बऱ्याच खेपा झाल्या असणार. आयुष्यात पहिल्यांदा मला गंज दिसला होता, आणि काका त्याबद्दल चकार शब्द बोलत नव्हते.

जामखेडच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत होती. बराच वेळ काकांनी खड्ड्यांखेरीज कशाचाच उल्लेख केला नाही. मग समोर बघत म्हणाले, "आमच्या रूथने एका मास्तरशी रजिस्टर लग्न केलं. शेतकरी घरातला मुलगा. मला विचारलं नाही. ही गाडी तिच्या लग्नासाठी घेतली होती. ती एस.टी.ने गेली."

मागे एक डबा कलंडायला लागला, तो मी वळून धरला.

"त्यांची विहीर आटलीय. दिवस गेलेत तिला. लांबून हंडे आणते म्हणे."

"म्हणजे तुम्ही भेटता तिला?"

"भेटायचं काय त्यात? भरलेले डबे दाराशी ठेवायचे, रिकामे उचलायचे, हॉर्न वाजवायचा, निघायचं." खात्याची कार्यपद्धती सांगावी तसं त्यांनी सांगितलं.

त्या दिवशी कार्यपद्धती बिघडली. गावाच्या कडेच्या घरापुढे गाडी थांबली, तर उंबऱ्यावर एक म्हातारी बसलेली. रूथची सासू. एरवी खडीवर जायची, आज त्यांच्या गावचं काम बंद होतं.

"ह्येच व्हय पानीवाले?" ती म्हणाली. "मला वाटलं, सरकारनं मोटार लावली जनू. सूनबाई काय बोलत न्हाई."

मी डबे उतरवू लागलो. रूथ बाहेर आली. अवघडलेली, एक हात कमरेवर. बापाकडे न बघता ती गाडीच्या मागच्या दाराशी गेली आणि आत वाकून पाहिलं. लहानपणापासून या घराण्याचं शिक्षण झालेलं. एका नजरेत तिला सगळं कळलं.

"बाबा," ती म्हणाली, "पत्रा गेला की हो सगळा."

काकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. "पत्राच आहे तो," ते म्हणाले.

मग म्हातारीच उठली. "आता पानी हाय घरात. च्या घेतल्याबिगर जायचं न्हाई," असं म्हणून ती आत गेली, तिच्यामागून रूथही गेली.

काका म्हणाले, "गाडी सावलीला लावतो."

आख्ख्या वस्तीत सावली नव्हती. एक बाभूळ होती, तिलाही पान नव्हतं. काकांनी गाडी काळजीपूर्वक तिच्याखाली लावली, उतरले आणि उगाचच टायरांकडे बघत उभे राहिले.

"मुळे, तुम्ही व्हा पुढे. मी येतोच."

मी पुढे झालो नाही. थोड्या वेळाने रूथ परत बाहेर आली, सावकाश चालत बाभळीपर्यंत आली आणि त्यांच्या कोपराला धरून त्यांना आत घेऊन गेली.