भाकरी मोडली तर परीक्षा नाही

कुठलीही वस्तू आतून कशी चालते हे कळल्याशिवाय रुद्रप्पांना चैन पडत नसे. चादरीच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की चादर दाखवायची राहायची आणि त्याच्या मनगटावरच्या घड्याळाची चौकशी सुरू व्हायची. अशा माणसाचा मुलगा हेलिकॉप्टर चालवायला शिकत होता, म्हणजे तर पर्वणीच. परीक्षेला जाण्याच्या आदल्या दिवशी जेवताना त्यांनी सहज विचारलं, "झाला का अभ्यास, चन्नवीर?"

"झाला हुता, अप्पा. पण यंदा परीक्षाच बदलली की! आजवर विमानवाल्यांचाच पेपर आमाला चालायचा. आता लायसन पायजे तर हेलिकॉप्टरचा येगळा पेपर."

"मग त्यात काय इचारणार?"

"वर असताना इंजिन बंद पडलं तर खाली कसं यायचं, हे पयलं."

रुद्रप्पांचा घास हातातच राहिला. "बंद पडतंय?"

"कवातरी पडतंय. पण पाती वाऱ्यानं फिरत ऱ्हात्यात, अन् यंत्र सावकाश उतरतंय."

"कसं?"

चन्नवीरनं समजावलं, पाटीवर काढून दाखवलं, ताटली फिरवूनही दाखवली. रुद्रप्पांनी मान डोलवली आणि हात धुऊन निकाल दिला, "मला डोळ्यांनी दिसू दे. त्याबिगर उद्याच्या गाडीत बसायचं न्हाय." खरं तर ही भीती होती, पण चारचौघांत ते तिला कुतूहल म्हणत.

सकाळी चन्नवीरनं कामट्यांची चार पाती केली, त्यांवर खळ दिलेलं कापड ताणून बसवलं आणि खाली सुतळीचं छोटंसं शिंकं टांगलं. आता शिंक्यात बसवायचं कोणाला? रुद्रप्पा स्वयंपाकघरात गेले आणि कडक भाकरी घेऊन आले. पापडासारखी पातळ, धक्का लागला की चुरा.

"हिला बसीव. ही शाबूत उतरली तर तू जा. मोडली तर दुकानात बस."

"अवो, त्या मोहोळच्या वन्संकडं बारशाला न्यायच्या हायत!" चन्नवीरची आई शिवम्मा मागून ओरडल्या. पण तोवर बाप-लेक जिना चढून माळवदाच्या सपाट छतावर पोचले होते.

पहिली भाकरी दगडासारखी आली आणि अंगणभर विखुरली. दुसरीचं तेच झालं. तिसरी तुळशीवर पडली. आवाज ऐकून समोरच्या नागव्वा आल्या, त्यांच्यामागून सगळी गल्ली आली. पाती लांब करा, आखूड करा, शिंकं काढा, असा जो तो सांगू लागला. चौथीला नागव्वांनी हात जोडले, तरी ती मोडलीच. शिवम्मांचा भाकरीचा डबा रिकामा होत चालला तशा नागव्वा स्वतःच्या घरच्या भाकरी घेऊन आल्या. "पोराच्या परीक्षेला आमचाबी हातभार," म्हणाल्या. त्यांच्याही मोडल्या. अंगणात चिमण्यांचं बारसं जेवून झालं.

चन्नवीर पायरीवर मटकन बसला. हातातल्या पात्यांकडे बघता बघता तो एकदम उठला. "अप्पा, मी पाती विमानाच्या पंख्यागत तिरकी बसवली! जुना अभ्यास हाताला चिकटलाय. ही जरा आडवी पायजेत."

पाती आडवी झाली, पण भाकरी संपल्या होत्या.

"थांबा, एक असंल," म्हणत शिवम्मा आत गेल्या. फडक्यात गुंडाळलेली भाकरी त्यांनी स्वतःच शिंक्यात बांधली.

या वेळी पाती गरगरली आणि यंत्र डुलत डुलत अंगणात टेकलं. रुद्रप्पा धावत खाली आले. फडक्याखाली भाकरीचा गोल अखंड दिसत होता! गल्लीनं टाळ्या पिटल्या. रुद्रप्पांनी गल्लीकडे पाठ करून फडकं सोडलं, भाकरी उचलली आणि ती त्यांच्या हातात रुमालासारखी लोंबली. आज सकाळची, मऊ, ताजी भाकरी. ती कशी मोडणार?

त्यांनी शिवम्मांना कोपऱ्यात गाठलं. "ही तर माळवदावरनं नुसती फेकली तरी मोडायची न्हाय!"

"हळू बोला. पोराचं तोंड बघितलं का तुमी?"

"अन् वर इंजिन बंद पडलं तर?"

"मलाबी भ्या वाटतंयच की. पण आदी कुणी इचारतच नव्हतं, तरी पोरं उडत हुती. आता उतरायचं शिकल्याबिगर लायसन न्हाय म्हणत्यात. मग बरंच झालं न्हवं? जाऊ दे त्याला."

रुद्रप्पांनी भाकरी पुन्हा फडक्यात गुंडाळली. संध्याकाळी चन्नवीर गाडीत बसला. रुद्रप्पांनी त्याच्या हातात नवी चादर दिली आणि इंजिनाचं नावही काढलं नाही.

घरी मात्र त्यांना काही सुचेना. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी डबा चाचपला. तळाशी कागदाखाली एकच कडक भाकरी नजरेतून सुटून राहिली होती. ती शिंक्यात बसवून ते चोरपावलांनी माळवदावर गेले, डोळे घट्ट मिटले आणि हात सोडला.

बराच वेळ खाली काहीच वाजलं नाही. त्यांनी भीत भीत डोळे उघडून डोकावलं. अंगणात शिवम्मा उभ्या होत्या, हातात केरसुणी तशीच. पायाशी यंत्र टेकलं होतं.

"मोडली का गं?" रुद्रप्पांनी वरूनच विचारलं.

शिवम्मांनी वाकून शिंक्यातली भाकरी काढली आणि त्यांना दिसेल अशी वर धरली. चांगली गोल, अखंड. मग पदरानं डोळे पुसले, कडेचा तुकडा कटकन तोडून तोंडात टाकला आणि म्हणाल्या,

"आता मोडली."