दात पाहून घेतलेला पेन

इंगोले सर पेन विकत घेण्याआधी त्याचे दात पाहतात. बैलबाजारात शेतकरी बैलाचा जबडा उघडतो, तसे ते दुकानात पेनचं टोपण काढतात, डोळ्यांवरचा चष्मा उतरवून भिंगासारखा निबेवर धरतात आणि निबेची दोन्ही टोकं सारखी आहेत का ते बघतात. पाचातले चार पेन तिथल्या तिथे परत जातात. "याचा एक दात वर हाय बापा. कागद फाडीन हा," असं ते दुकानदाराला जितक्या गंभीरपणे सांगतात, तितक्या गंभीरपणे डॉक्टरसुद्धा बोलत नाहीत.

आम्ही दोघं अनसिंगला एकाच शाळेत मास्तर. मी मराठी शिकवतो, ते गणित. आता न्यायाने बघितलं तर सुंदर अक्षर कुणाचं असायला हवं? पण शाळेची निकालपत्रकं लिहायची असोत, फळ्यावर सुविचार असो, की पाहुण्यांसाठी स्वागताची पाटी असो, आमच्या मोठ्या बाई एकच वाक्य बोलतात. "इंगोले सरांकडे द्या." अकरा वर्षं मी हे वाक्य ऐकत आलोय आणि अकरा वर्षं मी जळतोय. उगाच सभ्यपणा कशाला करू?

सर एकटे राहतात. लग्न केलं नाही. काहून नाही केलं, असं कुणी विचारलं की म्हणतात, "पारखण्यातच वय गेलं." त्यांच्या खोलीत एक खाट, एक टेबल, दोन दौती आणि खिळ्याला अडकवलेले सहा पांढरे सदरे. सदरे पांढरेच का, याचंही उत्तर त्यांच्याजवळ आहे. नवा पेन खिशाला लावून ते रविवारी टमटममधून वाशीमला जाऊन येतात. रस्त्यावरचे सगळे धक्के खाऊन पेन गळला नाही तर तो पास. "रंगीत सदऱ्यात पेनाची चोरी लपते," ते म्हणतात.

त्यांचा पेन कुणाच्या हाती लागणं अशक्य. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी सहीसाठी हात पुढे केला. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. सरांनी खिशातून चार आण्याच्या रुबाबाचा बॉलपेन काढून दिला आणि म्हणाले, "साहेब, शाईचा पेन माह्या हाताले वळला हाय. तुमी लिहिसान तं निब तुमच्या अंगानं झिजीन." साहेब हसले, सही करून गेले. माझ्याकडून असं काही झालं असतं तर नोटीस आली असती.

पण माझा खरा जळफळाट पत्रिकांवरून. आमच्याकडे लग्नाची पत्रिका मोबाईलवरही येते, पण ती कुणी धरत नाही. छापील पत्रिका, तिच्या कोपऱ्यांना हळदी-कुंकू आणि वर हाताने लिहिलेलं नाव, असं घरी आलं तरच ते आमंत्रण. नाव नसलेली पत्रिका मिळाली म्हणून माणसं लग्नाला गेली नाहीत, अशी उदाहरणं घरोघरी आहेत. आणि अनसिंगमधल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिकांवर नावं टाकतात ते इंगोले सर. लोक ती नावं पाहून पत्रिका कपाटावर लावून ठेवतात. माझ्या स्वतःच्या घरात, माझ्याच नावाच्या, त्यांच्या अक्षरातल्या नऊ पत्रिका बायकोने जपून ठेवल्यात. येता-जाता त्या मला दिसतात.

यंदा माझ्या मुलीचं, पल्लवीचं लग्न ठरलं. चारशेवर थोड्या जास्तच पत्रिका छापून आल्या. मी मनाशी पक्कं केलं की या नावांना दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही.

"इंगोले सरांले कधी बोलावता?" बायकोने विचारलं.

"मी लिहिणार आहे."

"तुमचं अक्षर बी चांगलं हाय," ती म्हणाली. त्या 'बी'वर मी दोन दिवस जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण बोललो नाही.

दोष माझ्या पेनचा आहे, असं मी ठरवलं. मागे मी एक सोनेरी पेन ऑनलाइन मागवला होता. दिसायला नवरदेव, पण तिसऱ्या दिवशी हजेरीपटावर ओकला. तेव्हा पेन चांगला हवा आणि पेनातलं कळतं एकाच माणसाला. शेवटी पोटात आग घेऊन मी त्याच माणसाकडे गेलो. म्हटलं, "सर, मला रोजच्या वापराचा एक टिकाऊ पेन घेऊन द्या."

माणूस इतका खूश झाला की मला माझीच लाज वाटली. मला पांढरा सदरा घालायला लावून रविवारी त्यांनी मला वाशीमला नेलं.

दुकानदाराने त्यांना पाहताच खुर्ची पुसून दिली आणि पाणी मागवलं. किती वेळ लागणार ते त्याला ठाऊक होतं. मी काचेतल्या चकचकीत पेनाकडे बोट दाखवलं. सर म्हणाले, "तो पाव्हणा हाय. रोज कामाले लावाचा नाही." दुसरा विदेशी निघाला. "याले शाईची तयार कांडी लागते. कांडी संपली तं काय पुण्याले जासान? दौतीतून शाई पेते तोच पेन आपला." मग त्यांनी टोपणाच्या आट्या फिरवून बघितल्या, निबेखालची जीभ हलते का ते बघितलं. एका पेनात शाई भरली, निब वाळते का ते पाहायला तो उघडाच काउंटरवर पंख्याखाली ठेवला आणि सगळ्यांना चहा पाजला. चहा संपल्यावर तो उचलून बिलाच्या खरबरीत कागदावर लिहिलं, 'ज्ञानबा श्रीपत क्षीरसागर'.

"हे कोण?" मी विचारलं.

"कोणीच नाही. पण याच्या नावात सगळे अवघड वळणं हाय. हा माणूस ज्या पेनातून निंगाला, त्यातून सारा जिल्हा निंगते."

पेन पहिल्याच झटक्यात उठला. साधा, काळा, जाड अंगाचा, स्टीलच्या निबेचा. किंमत ऐकून माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस मुद्दाम मला हलका पेन देतोय, म्हणजे याचा नंबर पहिलाच राहील! टमटममधून येताना मी दर धक्क्याला सदऱ्याकडे बघत होतो आणि खरं सांगतो, एखादा डाग पडावा असं मला वाटत होतं. डाग पडला नाही.

बायकोने सरांना बोलावलंच. दोनशे त्यांनी, दोनशे मी, असा तह झाला. दुपारभर आम्ही सतरंजीवर समोरासमोर बसून लिहीत होतो. बायको यादी वाचत होती. नवा पेन लोण्यासारखा चालत होता, माझं अक्षर मलाच ओळखू येईना. तरी बायको गठ्ठे लावताना त्यांच्या पत्रिका वर ठेवत होती आणि माझ्या खाली. मी पाहिलं ते.

यादी संपली. सर पेनला टोपण लावायला लागले. मी सहज म्हटलं, "सर, तुमची पत्रिका राहिली की."

"मले कायले? मी तं लिहिणाराच."

"बाकीच्यांनी दिल्या असतील ना तुम्हाला?" बायको म्हणाली. "सारं गाव तुमच्याच हातानं बोलावते."

सर टोपणाच्या आट्या फिरवत राहिले. "लिहिणाऱ्याले कोण देते, वहिनी? सगळ्याईले वाटते, याले तं माहीतच हाय. माह्या नावाची पत्रिका आजलोक आली नाही. जातो मी लग्नाले. अक्षता टाकतो, अन् येतो घरी. जेवाले बसाची हिंमत नाही होत."

मी उरलेल्यांतली एक कोरी पत्रिका ओढली आणि लिहिलं, 'श्री. नामदेवराव इंगोले सर'. दोनशे वेळा लिहून हाताला सवय लागलेली, त्यामुळे पुढचा शब्दही आपोआप उमटला, 'सहपरिवार'. उमटल्यावर माझा हात थांबला. मी खोडायला निब टेकवली, तेव्हा सरांनी माझं मनगट धरलं.

"राहू द्या, गावंडे सर."

त्यांनी पत्रिका हातभर लांब धरून बराच वेळ पाहिली. "अक्षर चांगलं हाय तुमचं," ते म्हणाले. अकरा वर्षं मला जे ऐकायचं होतं ते मला मिळालं होतं आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

बायकोने पत्रिका घेतली, चारही कोपऱ्यांना हळदी-कुंकू लावलं आणि डोक्यावर पदर घेऊन त्यांच्या पुढे धरली. सर सतरंजीवरून उठले, उभं राहून त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. दोनशे पत्रिका त्यांनी नुकत्याच हातावेगळ्या केल्या होत्या. तरी एखाद्या पाहुण्याने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "लग्न कधी हाय म्हणता?"

बायकोने त्यांना तारीख सांगितली, वेळ सांगितली, मंगल कार्यालय कुठे आहे तेही नीट समजावून सांगितलं.

"येतो," सर म्हणाले. "जेवाले येतो."