बसल्या जागी जळणारं इंजिन

दुपारी जेवून मी आडवा झालो की पाच-दहा मिनिटांत पोटावर एक हात येई. त्याला डिझेलचा वास असे.

"हलू नगं, मास्तर. आयडलिंग बघतोय."

हा हात शिवानानांचा, माझ्या चुलत्यांचा. पिंपळवंडीच्या विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. चालू इंजिनाच्या अंगावर तळहात टेकून ते रोग सांगायचे, आणि तो तसाच निघायचा. माणसांवर हा हात चालू लागला तो एका डॉक्टरांमुळे.

आमच्या घराण्यात जमीन थोडी आणि साखर भरपूर. आजोबांच्या आजारपणात डॉक्टर नानांना म्हणाले होते, माणूस नुसता पडून असला तरी शरीर जळण खातंच, आणि घरात साखर असली की काहींचं हे जळण जरा जास्त निघतं. पण त्यावरून कुणाला साखर होणार ते कळत नाही. रक्तच तपासावं लागतं. यातलं पहिलं वाक्य नानांनी घरी आणलं. पुढचं सगळं दवाखान्यातच राहिलं.

"गाडी हुबी असली तरी डिझेल पिती का नाय? आपल्या खानदानाचं तसंच. बसल्या जागी जळतंय, राव!"

बहिणीला बघायला महाळुंगे पडवळची मंडळी आली, तेव्हा जेवणं झाल्यावर नाना नवऱ्या मुलाला म्हणाले, "पावणं, जरा आडवं व्हा." मुलगा घाबरून आडवा झाला. नानांचा हात पोटावर पडताच त्याला गुदगुल्या झाल्या. त्याच्या वडलांचा चेहरा पाहून आम्ही लग्न मोडलंच असं धरलं. नाना मात्र खुशीत उठले. "मशीन गार हाय. द्या पोरगी!" दिली. त्याला अजून काही झालेलं नाही, हे सांगितलं पाहिजे.

मी त्यांचं सगळ्यात मोठं मशीन. शाळेत मुलं मला ज्या नावानं ओळखतात ते इथं लिहीत नाही. पण नाना दर वेळी म्हणत, "गार हाय. तुला साखर नाय लागायची." त्या शब्दावर मी आणखी दोन पुरणपोळ्या रिचवायचो. रक्त तपासायला कधीच गेलो नाही. घरचाच मेकॅनिक असताना कोण जातं?

एकदा नाना नारायणगावच्या बाजारातून एकाच चपलेवर आले. "नाना, दुसरी कुठं?" आम्ही हसहसून लोळलो. ते खाली वाकून पायाकडं बघत राहिले. हसले नाहीत.

पुढं महिन्याभरानं मी त्यांच्या शेडमध्ये उभा होतो. इंजिन धडधडत होतं. नाना मला काहीतरी सांगत होते आणि त्यांचा हात सायलेन्सरवर होता. आधी मला वास आला. मी ओरडून त्यांचा हात ओढला. त्यांनी तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसा उलटसुलट करून पाहिला.

"कधीपासून, नाना?"

"झाली की दोन वर्सं. आदी पाय, मग हात."

"म्हणजे माझ्या पोटावर हात ठेवून तुम्हाला..."

"काय बी कळत न्हाई."

"मग गार हाय, गार हाय असं का म्हणायचात?"

चिंधीनं ते दुसराच हात पुसत बसले. "तुज्या बापाला मी गरम हाय म्हणालो व्हतो. खरं निघालं. काय उपेग झाला? बोट गेलं, पाय गेला, मग त्यो गेला. दोगंच भाऊ आमी."

दुसऱ्या दिवशी मी दोघांचंही रक्त तपासून आणलं. त्यांच्या चढलेल्या आकड्याचं नवल नव्हतं. माझ्याही नव्हतं, खरं तर.

दुपारी रिपोर्ट उशीखाली सारून मी आडवा झालो. थोड्या वेळानं पोटावर हात आला. पट्टी बांधलेला. आज डिझेलऐवजी मलमाचा वास होता.

"गार हाय," नाना म्हणाले.

"होय नाना. गारच आहे."

त्यांनी हात लगेच उचलला नाही. मी हललो नाही.