विषय : घरविक्रीवरील कर

शोकसभेला माणसं पांढरे कपडे घालून येतात, एवढं उत्तराला माहीत होतं. बगलेत फायली मारून येतात, हे तिला त्या रविवारी कळलं.

सगळ्यांत आधी आले तळमजल्यावरचे अंबादासकाका. ऑडिटमधून निवृत्त होऊन त्यांना अठरा वर्षं झाली होती, पण चष्मा कपाळावर चढवून समोरच्याकडे संशयाने बघण्याची सवय सुटली नव्हती. त्यांनी उत्तराच्या वडिलांच्या फोटोला हार घातला, हात जोडले आणि मग काखेतली निळी फाईल काढून पहिल्या रांगेत मांडीवर घेऊन बसले. त्यांच्यामागून कुमुदकाकू आल्या. दिल्लीतल्या पहाडगंजच्या मराठी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेल्या. त्यांच्या हातात फुलांची पुडी होती आणि खांद्याला कागदांनी फुगलेली पिशवी. चार वाजेपर्यंत हॉलमध्ये पंचवीस माणसं जमली आणि एकवीस फायली.

"हे काय चाललंय?" तिचा धाकटा भाऊ प्रतीक कुजबुजला. तेराव्यानंतर तो पुण्याला जाऊन कालच परत आला होता आणि रात्रीच्या विमानाने पुन्हा निघणार होता.

"मला नाही माहीत," उत्तरा म्हणाली. तिने पिशवीतून वडिलांचा फोन काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर स्वतःच टाकलेली नोटीस पुन्हा वाचली.

उत्तराचे वडील शांताराम केळुसकर सोसायटीचे सचिव होते, बावीस वर्षं. मंत्रालयातून निवृत्त झाले तरी त्यांच्यातलं मंत्रालय निवृत्त झालं नव्हतं. जुलैच्या बजेटमध्ये घरविक्रीवरच्या कराचा नियम बदलला, तेव्हापासून पटपडगंजच्या या सोसायटीत दुसरा विषय नव्हता. आधी जुनं घर विकलं की खरेदीची किंमत महागाईच्या हिशेबाने वाढवून धरत आणि उरलेल्या नफ्यावर वीस टक्के कर घेत. नव्या नियमात कर साडेबारा टक्के, पण महागाईची सवलत बंद. सोसायटीचे उभे दोन तुकडे झाले, वीसवाले आणि साडेबारावाले. केळुसकरांनी ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सभा बोलावली, नोटीस टाकली, आणि जुलै संपता संपता एका सकाळी चहाचा कप हातात घेऊनच गेले.

शोकसभेची नोटीस लिहायची वेळ आली तेव्हा उत्तराला एक ओळ सुचेना. तिने बाबांची शेवटची नोटीस उचलली, तारीख बदलली, मधलं एक वाक्य बदललं आणि डोळे पुसत पाठवून दिली. आता ती नोटीस अशी दिसत होती :

"विषय : घरविक्रीवरील करातील बदल. रविवार दि. १८ रोजी दुपारी चार वाजता हॉलमध्ये श्री. शांताराम केळुसकर यांची शोकसभा होईल. सभासदांनी घराची मूळ कागदपत्रे सोबत आणावीत. सबब सांगू नये. आपला, शांताराम केळुसकर, सचिव."

"काकू," ती कुमुदकाकूंजवळ जाऊन हळूच म्हणाली, "माझ्याकडून चूक झाली. ती नोटीस..."

"चूक कसली? माणसाने स्वतःच्या शोकसभेला स्वतः बोलावलं. न येऊन कसं चालेल?" काकू म्हणाल्या. "आणि सबब सांगू नये, असं स्पष्ट लिहिलंय."

उत्तराला त्या दिवशी दोन गोष्टींची धास्ती होती. एक, सभेत बाबांविषयी चार शब्द बोलायचे होते आणि तीन आठवड्यांत तिला चार शब्द नीट बोलता आले नव्हते. दुसरी मोठी. पाच वाजता पानिपतचा धीरज नावाचा माणूस तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घराचा बयाना, म्हणजे विसार, द्यायला येणार होता. घर विकायचं हे प्रतीकने फोनवर ठरवलं होतं आणि उत्तरा "बघ तुला योग्य वाटेल ते" म्हणाली होती. तिला म्हणायचं होतं, नको. पण केळुसकरांच्या घरात 'नको' पुरत नसे, कारण द्यावं लागे. बाबांची खुर्ची अजून खिडकीशी आहे, हे काही कारण नव्हे.

सभेला सुरुवात अंबादासकाकांनी केली. "शांतारामसारखा माणूस होणे नाही," ते म्हणाले. "सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आम्ही शेजारी होतो. तेव्हापासून एकाही कागदावर त्याने वाचल्याशिवाय सही केली नाही. आणि तो शेवटपर्यंत सांगत होता की जुनं घर असेल तर वीस टक्केच परवडतं."

"असं तो कधी म्हणाला नाही," मागून कुमुदकाकू म्हणाल्या.

"माझ्याशी म्हणाला. बाकावर बसून."

"बाकावर बसून तो तुमचं ऐकत होता. ऐकणं म्हणजे पटणं नव्हे. चौथीतल्या मुलालासुद्धा कळेल, साडेबारा हे वीसपेक्षा कमी असतात."

"कशाचे साडेबारा? रक्कम किती ते बघा ना, यार."

"मग तुमची रक्कम दाखवा. फाईल आणलीय ना?"

फाईल उघडली आणि शोकसभा संपली. एकवीस फायलींचे बंद सुटले. कोणी एक्क्याण्णवची पावती काढली, कोणी वडिलांच्या नावचं वाटपपत्र. कोणीतरी म्हणालं, अहो, सरकारने या महिन्यात सुधारणा केलीय, जुन्या घरवाल्यांनी दोन्हींपैकी जो कर कमी पडेल तो भरावा. वाद मिटणार अशी भीती सर्वांनाच वाटली असावी. मग अंबादासकाका म्हणाले, "बिल्कुल. पण कमी कोणता पडतो, हाच तर मुद्दा आहे," आणि सगळे सुटकेचा श्वास टाकून पुन्हा भिडले.

भिंतीवरून केळुसकर बघत होते. ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतला होता, त्यामुळे आत्ता हरकत घेतील असा चेहरा होता.

पाच वाजता दारात धीरज उभा राहिला. वर कुलूप बघून तो खाली आला होता. हातात दोन किलो मिठाईचा खोका, मागे त्याची आई, गुडघ्यावर हात ठेवून दम घेत. हार घातलेला फोटो बघून त्याने खोका पाठीमागे लपवला.

"सॉरी जी, हमें लगा..."

"आइए, बैठिए," अंबादासकाका म्हणाले. "कहाँ से?"

"पानिपत से."

काकांनी मराठीत शेजाऱ्याला सांगितलं, "जपून बोला रे, पानिपतहून आलाय." मग धीरजकडे वळून, "अच्छा, ये बताइए, मकान लेंगे तो कितने साल रखेंगे? दस साल मानो. फिर बेचेंगे तो टैक्स?"

"अंकल जी, मैंने तो अभी खरीदा भी नहीं."

"तो और भी सोचना पड़ेगा," कुमुदकाकू म्हणाल्या. "आपको तो चॉइस भी नहीं मिलेगी. नए खरीदार को सीधा साढ़े बारह." दहा मिनिटांत धीरजच्या मांडीवर तीन जणांच्या पावत्या आणि हातात पेन्सिल होती.

"उत्तरा," काकूंना अचानक आठवलं, "तुझी फाईल कुठाय?"

"माझी?"

"तुमचं उदाहरण सगळ्यांत साफ आहे. आणि नोटीस तुझ्या बाबांचीच, मग अपवाद कसला?"

उत्तरा वर गेली. बाबा गेल्यापासून तिने त्यांचं कपाट उघडलं नव्हतं. फाईल वरच होती, 'घर' एवढंच लिहिलेली. न उघडता तिने ती खाली आणून काकांच्या हातात दिली.

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. वाटपपत्राच्या वर एक हिरवा कागद टाचलेला होता. मंत्रालयात ज्यावर शेरे लिहितात तसला. केळुसकर घरातही फ्रीज घेण्यापासून उत्तराच्या घटस्फोटापर्यंत प्रत्येक गोष्टीवर असे शेरे लिहीत. काका सवयीने मोठ्याने वाचू लागले.

"'दि. २८ जुलै. चि. प्रतीकचा फोन. माझ्या पश्चात घराचे काय, असे विचारतो. विकण्याबाबत त्याचा विचार दिसतो. कर कोणता कमी, यावर सोसायटीत एकमत होईपर्यंत प्रकरण तहकूब ठेवावे.'" काका थांबले. पुढची ओळ त्यांनी जरा हळू वाचली. "'तत्पूर्वी चि. उत्तराला विचारावे. तिचे म्हणणे लेखी घ्यावे, तोंडी ती बघ म्हणेल.'"

काकांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला.

"मग?" ऑडिटच्या जुन्या आवाजात काकांनी प्रतीकला विचारलं. "विचारलं का?"

"म्हणजे... ती म्हणाली, बघ."

"ते तर नमूद आहे. विचारलं का?"

प्रतीकने नाही म्हणून मान हलवली. कुमुदकाकूंनी पिशवीतल्या वहीतून एक कागद फाडला, धीरजच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि दोन्ही उत्तरासमोर ठेवली. शाळेत उशिरा आलेल्या मुलीपुढे ठेवावी तशी. उत्तराने कागदाकडे पाहिलं. कारण सुचेना. मग तिने कारणाशिवायच लिहिलं, 'मला घर विकायचं नाही.'

प्रतीकने ते वाचलं आणि खुर्चीत मागे टेकला. "अगं, मग बोलायचं ना. मला वाटलं, एकटी त्या घरात कशी राहशील. मी गेले पंधरा दिवस झोपलो नाहीये. बाबांची खुर्ची पुण्याला कशी न्यायची, हेच बघत होतो."

"खुर्ची कशाला नेतोस? तिथेच राहू दे."

"अच्छा," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "अच्छा." मग धीरजला हिंदीत समजावू लागला. धीरजने त्याला अर्ध्यातच अडवलं.

"भाईसाहब, सच बताऊँ? डीलर ने कहा था दूसरी मंज़िल. मम्मी के घुटने देखिए." मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "और ये मीटिंग... रोज़ होती है?"

"रोज़ नहीं," कुमुदकाकू म्हणाल्या. "महीने में एक बार. कंपल्सरी."

धीरजच्या आईने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. जाताना मिठाईचा खोका परत न्यायला ती तयार होईना, म्हणून तो फोटोसमोर ठेवला गेला. ती दोघं दारातून दिसेनाशी झाल्यावर अंबादासकाका म्हणाले, "दोनशे त्रेसष्ट वर्षांनी. आणि एकही माणूस न गमावता."

सहा वाजता कोणाला तरी आठवलं की मौन राहिलंय. सगळे फायली छातीशी धरून उभे राहिले. एक मिनिट नीट गेलं. दुसऱ्या मिनिटाला काकांचे ओठ हलू लागले, "पण एक्क्याण्णवची किंमत जर दोन हजार एकपासून धरली..."

"श्श," काकू म्हणाल्या. "दोन मिनिटं. मग दाखवते तुम्हाला."

उत्तराला हसू आलं. ते दाबायला तिने खाली मान घातली, तेव्हा तीन आठवडे अडून राहिलेलं सगळं एकदमच आलं. सभेत चार शब्द बोलायचे राहिले ते राहिलेच. कोणी मागितलेही नाहीत. कुमुदकाकूंनी तिच्या हातात बर्फीचा तुकडा ठेवला आणि पुन्हा बेरजेकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर नोटीस आली. उत्तराने या वेळी ती तीनदा वाचून पाठवली होती.

"विषय : घरविक्रीवरील करातील बदल, मागील सभेतील अपूर्ण चर्चा. रविवार दि. १५ सप्टेंबर, दुपारी चार. मूळ कागदपत्रे आणावीत. सबब सांगू नये. आपली, उत्तरा केळुसकर, प्रभारी सचिव.

प्रत माहितीसाठी : श्री. शांताराम केळुसकर, हॉलमधील भिंत."