साळिंदराची काळी खिडकी

मुलांनो, मांडी घालून बसा आणि तो मोबाइल खाली ठेवा. एका जंगलात कॉम्प्युटर येऊन बसले होते, पण अक्षरांचं अजून काही ठरलं नव्हतं.

माकडांच्या खात्याचा फॉन्ट वेगळा, हत्तींचा वेगळा. वरच्या रानातल्या पाणमांजरांचा तर कुठल्या काळातला होता कोण जाणे. एकाची फाइल दुसऱ्याने उघडली की नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. तुमच्या बाबांच्या ऑफिसातही असंच होतं. विचारून बघा, चिडतील.

आता वाचता येत नाही म्हटल्यावर फाइल परत पाठवावी की नाही? पण दरबारात असं कबूल करायची सोय नव्हती. तिथल्या प्रमुखाने, म्हणजे कोल्ह्याने, एक पद्धतच पाडली होती. जी फाइल वाचता येणार नाही, ती सिंहमहाराजांच्या अभिनंदनाची समजायची. तिची मोठी प्रिंट काढायची, फ्रेम करायची आणि गुहेत टांगायची. गुहेच्या भिंती चौकोनांनी भरून गेल्या होत्या. महाराज सकाळी त्यांच्याकडे बघूनच आंघोळीला जायचे.

एके दिवशी पाणमांजरांची फाइल आली. कोल्ह्याने चौकोन पाहिले आणि फ्रेमवाल्याला हाक मारली.

तेव्हा टिटवी काही कामाने दरबारात आली होती. ती नदीच्या वाळूत राहायची आणि तिने नुकतीच अंडी घातली होती. तिला शंका आली. पाणमांजरं वर नदीवरच्या बांधाशी राहतात, मासे खातात, कुणाच्या अध्यातमध्यात नसतात. ती कशाला कुणाचं अभिनंदन करतील? तिने फाइल पेनड्राइव्हवर घेतली, चोचीत धरली आणि साळिंदराचं बीळ गाठलं.

साळिंदर स्वभावाने तिरसट. त्याने एक टूल बनवलं होतं. त्याला चित्र नाही, बटण नाही. एक काळी खिडकी आणि तिच्यात लुकलुकणारी रेघ. तिथे कमांड लिहायची, पुढे फाइलचं नाव. मग ते एकेक चिन्ह तपासून सांगायचं, हे कुठल्या फॉन्टमधलं आणि मुळात कुठलं अक्षर. नाही ओळखलं तर सरळ लिहायचं, 'माहीत नाही.'

"सगळं ओळखतं का हो हे?" टिटवीने विचारलं.

"ओळखतं तेवढं ओळखतं," साळिंदर खेकसला. "गोड बोलणारं हवं असेल तर दरबारात जा."

रेघ लुकलुकली. अक्षरं एकाखाली एक उतरू लागली. टिटवीने ती जोडून वाचली. बांधाला भेग पडली आहे. नदीचं पात्र रिकामं करा.

टिटवीला उडता येत होतं, पण अंडी उचलता येत नव्हती. त्याला माकडांचे हात हवेत. आणि माकडं पडली सरकारी, हुकमाशिवाय कशाला हात लावत नाहीत. दोघं टूल घेऊन धावतच दरबारात गेली.

महाराजांनी खिडकीत डोकावून पाहिलं. "ही काळी का?"

"अशीच असते," साळिंदर म्हणाला.

"आणि आमचा फोटो?"

"महाराज, बांध फुटतोय!" टिटवी ओरडली. "माकडांना हुकूम द्या, माझी अंडी आहेत तिथे!"

"थांब गं जरा. आधी हे खरं बोलतं का ते बघू." महाराजांनी भिंतीवरची आपली सगळ्यात आवडती फ्रेम दाखवली. साळिंदराने तिची मूळ फाइल टूलला दिली. उत्तर आलं, 'गुहेत वास येतो. झाडून घ्या.'

महाराजांनी फ्रेम उलटी केली.

कोल्हा पुढे आला. काटे चुकवत त्याने साळिंदराच्या खांद्यावर हात ठेवला. "साळिंदरराव, एवढा विद्वान माणूस बिळात? आजपासून तुम्ही राजअक्षरतज्ज्ञ. फक्त टूल जरा प्रेमळ करा."

आयुष्यात त्याला कुणी राव म्हटलं नव्हतं हो. काटे अलगद खाली बसले.

साळिंदररावांनी खिडकी गुलाबी केली. महाराजांचा फोटो टाकला. 'माहीत नाही' काढून टाकलं. एकच मोठं बटण ठेवलं. ते दाबलं की ढोल वाजायचा आणि उत्तर यायचं, 'अभिनंदन!'

"आणि माझी अंडी?" टिटवीने विचारलं.

"उद्घाटन होऊ दे की," कोल्हा म्हणाला. "तुझीच फाइल पहिली घालू. टूलने सांगितलं की लगेच हुकूम."

मांडव नदीच्या पात्रातच घातला, कारण सपाट जागा तिथेच होती. टिटवी अंड्यांवर पंख पसरून ओरडत राहिली. तिला दोनदा गप्प बसवण्यात आलं. महाराजांनी बटण दाबलं. ढोल वाजला. 'अभिनंदन!' टाळ्या थांबेपर्यंत पाणी आलं होतं.

महाराज हत्तीवर चढले, कोल्ह्याने हत्तीची शेपटी धरली, माकडं झाडांवर गेली. साळिंदरराव मांडवाच्या फळीवर तरंगत काठाला लागले. टिटवी मात्र पाण्यावर घिरट्या घालत राहिली. खाली वाळूच उरली नव्हती. ही गोष्ट सांगताना दर वेळी इथे मला राग येतो.

पुढे चौकशी बसली. पूर येणार हे आधीपासून कुणाला माहीत होतं? महाराजांना नव्हतं. कोल्ह्याला नव्हतं. राजअक्षरतज्ज्ञांनी आपलं टूल दाखवलं, त्यात तर अभिनंदनच होतं. माहीत होतं एकट्या टिटवीला. मग तिने पूर का थांबवला नाही, असा कोल्ह्याने प्रश्न केला. ती नुसती बघत राहिली. मौन म्हणजे कबुली, असं ठरलं.

टिटवीला जंगलातून हद्दपार केलं. बाकीच्यांना पूरग्रस्त म्हणून शाल आणि नारळ दिला.

तात्पर्य: मुलांनो, वाचायला जरूर शिका, पण कुणी विचारलंच तर आपल्यालाही चौकोनच दिसतात असं सांगा. वाचता न येणारा फार तर पूरग्रस्त होतो. वाचता येणारा आरोपी होतो.