सातव्या वाणाचा गुन्हा

सोयाबीनचा कोणता वाण किडीला दाद देत नाही हे ठरवायचं, तर आधी कीड लागते. ही बाब आमच्या संशोधन केंद्राच्या लक्षात उशिरा आली, पण आली. त्यानुसार आमच्या संशोधक राओबाईंनी, प्रत्येक वाणाचा एक अशा सगळ्या वाफ्यांत सारख्याच अळ्या सोडल्या. दुसऱ्या सकाळी एकाही वाफ्यात अळी नव्हती.

ही अळी म्हणजे दौदान. बोटाएवढी जाड, हिरवीगार, सोयाबीनची पानं फस्त करणारी. बाहेरचे लोक तिला कीड म्हणतात. आमच्या चीनमधल्या च्यांगसू प्रांताच्या किनाऱ्याकडे लाटण्याने दाबून तिचा गर काढतात नि कोबीबरोबर त्याचं सूप करतात, आणि बाजारात तिचा भाव डुकराच्या मांसापेक्षा चढा असतो.

राओबाईंचं उभं आयुष्य सातव्या वाफ्यातला वाण तयार करण्यात गेलं होतं. त्याचं पान खाल्लं की अळी वाळून जाते, असा त्यांचा दावा. या चाचणीत तो खरा ठरला नाही तर वाण कायमचा बाद.

"साहेब, अळ्या चोरीला जाताहेत," त्या केंद्रप्रमुख निंग साहेबांना म्हणाल्या.

"चोरी कसली हो बाई? नैसर्गिक घट म्हणा."

घट रोखायला बाओ नावाचा चौकीदार नेमण्यात आला. बाओच्या बायकोची खानावळ होती. घट वाढली.

शेवटी राओबाई स्वतःच वाफ्यांशेजारी खाट टाकून बसल्या. मग अळ्या टिकल्या. बाकीच्या वाफ्यांत त्या खाऊन गुबगुबीत झाल्या, पानांची पार चाळण केली. सातव्यात मात्र हिरवीगार पानं आणि त्यांवर मरतुकड्या, मलूल अळ्या. मी इथला साधा कारकून, पण खरं सांगतो, बाईंचा चेहरा बघून मलाही भरून आलं.

आणि नेमकी प्रांताची मूल्यमापन समिती येऊन थडकली.

"पाहुणे आपल्याकडे जेवणार आणि ताटात दौदान नाही?" निंग साहेब कडाडले. "लोक तोंडात शेण घालतील! बाजारात मिळत नाहीत ना? मग वाफ्यातल्या काढा."

"अहो साहेब, ती चाचणी आहे!"

"असू दे की. गुबगुबीत तेवढ्याच काढा. सातव्यातल्या त्या मरतुकड्या राहू द्या. पाहुण्यांना काय तसल्या वाढायच्या?"

जेवण उत्तम झालं. नंतर समितीने दात कोरत पाहणी केली. सगळे वाफे कीडमुक्त. सातव्यात तेवढ्या अळ्या. "किडीला बळी पडणारा एकमेव वाण," अध्यक्षांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं.

"अहो, पानं तरी बघा!" राओबाईंनी पहिल्या वाफ्यातलं एक पान पुढे धरलं. "बाकीच्यांत शिरा तेवढ्या उरल्यात!"

"मापदंड अळ्यांच्या संख्येचा आहे बाई, पानांचा नाही."

"मग बाकीच्या अळ्या गेल्या कुठं?"

"तो प्रश्न समितीच्या कार्यकक्षेबाहेरचा आहे," पोटावरून हात फिरवत अध्यक्ष म्हणाले.

चाळणीसारखी पानं असलेला पहिला वाण प्रांतभर शिफारशीत गेला. सातव्याच्या बियाण्याचं केंद्राच्या भटारखान्यात तोफू झालं. सगळ्यांनी तारीफ करून खाल्लं. राओबाई तेवढ्या बांधावर बसून ढसाढसा रडल्या.

अळीचं सूप म्हटल्यावर तुम्ही नाक मुरडलंत, दिसलं मला. समितीचा निकाल वाचताना मात्र ते अगदी सरळ होतं. तो तुमच्या सवयीचा पदार्थ असणार.