भविष्यकाळ सरांचा सत्कार

आमच्या क्लासमधले भविष्यकाळ सर सोमवारपासून रुसून घरी बसले, त्यामुळे स्पॅनिश बॅचला इंग्रजीत उद्याबद्दल काहीच बोलता येईनासं झालं.

नाशिकला गंगापूर रोडवर, एका ड्रायक्लीनरच्या वर आमचा क्लास आहे. नोकरीनिमित्त मेक्सिकोहून, स्पेनहून, ग्वाटेमालाहून आलेली माणसं इथे इंग्रजी शिकतात. मी स्पॅनिशमध्ये बी.ए. केलंय, म्हणून दुभाषी. शिकवायला तिन्ही काळ स्वतः येतात. काळ कामावर असला की त्यातली वाक्यं विद्यार्थ्यांना बोलता येतात, नसला की नाही. इतर क्लासमध्ये कसं चालतं, मला ठाऊक नाही.

रुसव्याचं कारण साधं होतं. वर्धापनदिनाला भूतकाळ बाईंना शाल-श्रीफळ मिळालं, वर्तमानकाळ सरांना मिळालं, आणि शाली संपल्या. आमच्या संचालिका कर्डिले मॅडम माइकवरून म्हणाल्या, "भविष्यकाळ सर, तुमचं पुढच्या वर्षी नक्की." मागच्या वर्षीही त्या हेच म्हणाल्या होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर उठून गेले.

सगळ्यात जास्त अडलं ते ग्रिसेल्दाचं. ही ग्वाटेमालाची. तिची कंपनी बंद पडली होती आणि गुरुवारी तिची एका हॉस्पिटलात मुलाखत होती, परदेशी पेशंटच्या काउंटरसाठी. ही नोकरी मिळाली नाही तर मुलीला शाळेतून काढून परत जाणं भाग होतं. मी सरावासाठी तिला विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?" तिने तोंड उघडलं. पाणी गेलेल्या नळातून येते तशी नुसती हवा आली. मी एवढी दचकले की माझ्या हातातला खडू मोडला.

मॅडमनी वर्तमानकाळ सरांना भविष्यकाळ सरांचे तास घ्यायला सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मॅडम, मी आत्ता इथे आहे. मला तेवढंच जमतं."

भूतकाळ बाई स्वेटर विणत होत्या. "आमच्या वेळी माणसं इतकं मनाला लावून घेत नव्हती," त्या म्हणाल्या.

शेवटी बुधवारी संध्याकाळी मॅडम, ग्रिसेल्दा आणि मी इंदिरानगरला सरांच्या घरी गेलो. बेल मी वाजवली आणि तिच्या आवाजाने मीच मागे सरकले. दार काकूंनी उघडलं.

"या, बाई. न्या एकदाचे ह्यांना. सकाळपासून कोथिंबीर सांगतेय, तर 'आणेन' म्हणतात आणि बसून राहतात."

सर आरामखुर्चीत होते. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. मॅडम हात जोडून म्हणाल्या, "सर, चुकलं आमचं. येत्या रविवारी हॉल घेते. मोठा सत्कार करू. चांगली पैठणी काठाची शाल आणू."

"घेते, करू, आणू," सर म्हणाले. "कर्डिले मॅडम, हे वचन तुम्ही कुणाच्या जिवावर देताय?"

मॅडमनी जोडलेले हात खाली घेतले.

"माझ्याच ना? म्हणजे ते वाहायचंही मीच. एवढी वर्षं लोकांचं सगळं राहिलेलं मी डोक्यावर घेऊन फिरतोय. स्वतःचा सत्कारही मीच उचलू?"

"बरोबर बोलतायत," काकू म्हणाल्या. "पण कोथिंबिरीचं काय?"

हे सगळं मी हळू आवाजात ग्रिसेल्दाला स्पॅनिशमध्ये सांगत होते. तिने मधेच विचारलं, "सत्कार म्हणजे काय करतात?" मी सांगितलं, खांद्यावर शाल घालतात, हातात नारळ देतात, सगळे टाळ्या वाजवतात. "एवढंच?" ती म्हणाली. मी म्हटलं, भाषणही असतं, पण ते कुणी ऐकत नाही.

ग्रिसेल्दा वळली. तिच्याकडे द्यायला वचन नव्हतं, सोमवारपासून तिला ते इंग्रजीत देताच येत नव्हतं. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. काकू तिच्यामागे धावल्या, "अगं अगं, तो चटणीसाठी काढलाय!" ती नारळ घेऊन बाहेर आली. मग तिने गळ्यातला विणलेला निळा रुमाल सोडला. तिच्या आईने विणलेला होता तो, तिच्याकडे आईचं तेवढंच होतं. तिने तो सरांच्या खांद्यांवर नीट पसरला, टोकं सारखी केली, नारळ त्यांच्या ओंजळीत ठेवला आणि इंग्रजीत म्हणाली, "थँक यू, सर."

कुणीतरी टाळ्या वाजवायला हव्या होत्या. मी वाजवल्या. मग मॅडमनी. मग काकूंनी, हात पुसून.

सर नारळाकडे बघत राहिले. "आत्ताच झाला?" त्यांनी विचारलं.

"झाला," काकू म्हणाल्या. "उठा आता. वाकून नमस्कार करायची पण पद्धत असते."

सरांनी सगळ्यांना नमस्कार केला. मग चप्पल घातली आणि खाली जाऊन कोथिंबीर आणली.

गुरुवारी मुलाखतीला ते ग्रिसेल्दाबरोबर आत गेले. हॉस्पिटलवाल्यांनी फक्त "हे कोण?" विचारलं. "भविष्यकाळ," मी सांगितलं. त्यांनी आणखी एक खुर्ची मागवली आणि दार लावून घेतलं.

मी बाहेर बाकावर बसले. तो प्रश्न आला तेव्हा मला कळलं, कारण आत एकदम शांत झालं. मी पर्स घट्ट धरली. मग ग्रिसेल्दाचा आवाज सुरू झाला. मुलगी दहावीला असेल. घराला गॅलरी असेल. गॅलरीत मिरच्या लावेन, तिखट नसलेल्या. काउंटरवर घाबरलेली माणसं येतील, त्यांना आधी पाणी देईन. ती थांबेचना. मधे कुणीतरी "पुरे, पुरे" म्हणालं, तरी तिचं चालूच होतं.

शिपाई बाहेर आला. "मॅडम, ह्यांना अजून वेळ लागेल," तो म्हणाला.

"लागू दे," मी म्हटलं.